नाशिकमध्ये मजूर नाक्यावर रोज १०० जणांना खिचडी वाटायची आहे. सामान किती लागेल?

तांदूळ ८ किलो, मूगडाळ ४ किलो, तेल सव्वा लिटर, मीठ अर्ध्या किलोच्या आत, पाणी ४५ लिटर. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षछाटणीला येणारे मजूर दिवसभर राबतात, त्यामुळे डाळीत काटकसर नको. शेंगदाणे घातले तर उत्तमच.

खिचडी बिघडते ती बहुधा शिजल्यानंतर. कोमट होऊन झाकून राहिली की उन्हाळ्यात चार तासांत आंबते. म्हणून सैलसर शिजवा, वाफाळती असतानाच झाकणबंद डब्यांत भरा आणि दोन तासांत वाटून मोकळे व्हा. घट्ट झाली तर उकळतं पाणीच घाला, गार नव्हे. उरलेली दुसऱ्या दिवशीच्या पातेल्यात मिसळू नका.

फुकट वाटप असलं तरी अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू होतो, त्याखाली नोंदणी करून घ्या.