शीतक द्रवातील नॅनोकण : एम.टेक. नेमके कशात करावे?

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शीतक द्रवात वितळणारे नॅनोकण मिसळून त्याची क्षमता वाढवता येते, असे वाचल्यापासून तिने नॅनोटेक्नॉलॉजीत एम.टेक. करण्याचा हट्ट धरला आहे. यात स्कोप आहे का? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. विषय खरा आहे आणि मुलीची आवडही रास्त आहे. मात्र पदवीची निवड मला घाईची वाटते.

आधी विषय पाहू. शीतकात घन नॅनोकण (मीटरच्या अब्जांश भागांत मोजले जाणारे अतिसूक्ष्म कण) मिसळून बनवलेल्या मिश्रणाला ‘नॅनोफ्लुइड’ हे नाव अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत स्टीफन चोई यांनी 1995 मध्ये दिले. तेव्हा भर उष्णतावहनावर होता. अवस्थांतर करणारे, म्हणजे वितळणारे-गोठणारे कण त्याहून वेगळे काम करतात, कारण ते वितळताना अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता केवळ वितळण्यात खर्च होणारी उष्णता, शोषून घेतात. ऑक्टाडेकेन हे मेण 28 अंशांना वितळते आणि किलोमागे सुमारे 240 किलोज्यूल उष्णता घेते. पाण्यात ते वजनाने दहा टक्के मिसळले, तर वितळणबिंदू ओलांडणाऱ्या पाच अंशांच्या तापमानवाढीत किलोमागे साध्या पाण्याच्या 21 किलोज्यूलच्या जागी हे मिश्रण सुमारे 44 किलोज्यूल उष्णता वाहून नेते. तीच वाढ वीस अंशांची धरली, की फायदा पावपटीच्याही आत येतो. म्हणजेच हे शीतक ठरावीक तापमानाच्या अरुंद पट्ट्यातच कामाचे असते. शिवाय 38 अंशांच्या उन्हाळ्यात, बाहेरच्या हवेने थंड होणाऱ्या रेडिएटरमध्ये हे मेण पुन्हा गोठणारच नाही. तेथे अधिक तापमानाला वितळणारा पदार्थ शोधावा लागेल.

खरी मेख पुढेच आहे. मेणाचा कण जितका लहान, तितका तो गोठायला कुरकुरतो. वितळणबिंदूच्या बराच खाली जाईपर्यंत तो द्रवच राहतो आणि न गोठताच पुढच्या फेरीत परतला, तर त्याचा उपयोग शून्य. त्यात द्रव दाट झाल्याने पंपाला जास्त वीज लागते, कण एकमेकांना चिकटतात, आणि मेण पाण्यात पसरू नये म्हणून कणांभोवती कवच दिले असेल, तर वारंवार वितळून-गोठून ते फुटते. यातले निम्मे प्रश्न उष्णतेचे व प्रवाहाचे, तर निम्मे कवच आणि पृष्ठरसायनाचे आहेत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मुलीने मेकॅनिकलचा पाया सोडू नये. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी थर्मल आणि फ्लुइड्स हे विशेषीकरण आहे. एम.टेक. प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेची तयारी त्या दृष्टीने करावी. नॅनोकणांवरचे काम तेथे प्रबंधासाठी घेता येते. नोकरीची दारेही थर्मलच्या पदवीला अधिक उघडी असतात, कारण विद्युत वाहनांच्या बॅटऱ्या असोत वा पुणे-नवी मुंबईतील डेटा सेंटर, उष्णता बाहेर काढणारा माणूस सर्वांनाच हवा असतो. केवळ या कणांवर पोट भरेल अशा नोकऱ्या मात्र आज मोजक्याच, त्याही बहुतांशी संशोधनातल्या. त्या वाटेने जायचे तर पीएच.डी.ची मानसिक तयारी लागेल.

रसायनाची बाजू कच्ची राहू नये, यासाठी अंतिम वर्षाचा प्रकल्प केमिकल शाखेच्या एखाद्या विद्यार्थ्याबरोबर करता येतो का, हे तिने आताच विचारावे. पाण्यात मेणाचे इमल्शन (बारीक थेंबांचे एकजीव मिश्रण) करून ते पंपातून सतत फिरवावे, दर काही तासांनी दाटपणा मोजावा, आणि डीएससी यंत्र (नमुना तापताना-थंड होताना किती उष्णता घेतो-सोडतो, हे मोजणारे) उपलब्ध असल्यास नमुना तापवतानाच नव्हे, थंड करतानाही तपासावा. हे काम सहा महिने चिकाटीने करूनही तिची गोडी टिकली, तर संशोधनाच्या वाटेला आपण खुशाल होकार द्यावा.