पूररेषा, लाल चिखल आणि चार विद्यापीठं

प्रश्न : ताई, मी चिपळूणची. यंदा रसायनशास्त्रात बीएस्सी होईन. २०२१ च्या जुलैतल्या पुरात आमचं बाजारपेठेतलं दुकान गेलं. तेव्हापासून वाशिष्ठी नदी, धरणाचा विसर्ग, पूररेषा याबद्दल मिळेल ते वाचते. युरोपात चार विद्यापीठं मिळून पर्यावरण विज्ञान आणि धोरण असा दोन वर्षांचा मास्टर्स देतात, असं कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं. तुम्ही तो केला आहे, हेही त्याच म्हणाल्या. बाबांचं म्हणणं, ‘हे धड विज्ञान नाही, धड कायदा नाही. सरळ एमएस्सी कर.’ काय करू? आणि पैशाचं काय? – चिपळूणहून एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या बाबांच्या शंकेपासूनच सुरुवात करते, कारण ती रास्त आहे.

मॅडम म्हणतात तो अभ्यासक्रम म्हणजे ‘मेस्पॉम’. सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी, ग्रीसचं एजियन विद्यापीठ, स्वीडनचं लुंड आणि इंग्लंडचं मँचेस्टर यांनी २००५ मध्ये तो सुरू केला. मी २०१० च्या सप्टेंबरात गेले. तेव्हा पहिलं सत्र बुडापेस्टला असे. आमचे वर्ग जेमतेम रुळले होते आणि ४ ऑक्टोबरला हंगेरीतल्या आयका गावाजवळच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याच्या साठवण तलावाचा बांध फुटला. लाल चिखलाचा लोंढा कोलोंतार आणि देवेचेर या गावांत शिरला. दहा माणसं गेली, शंभरावर जखमी झाली, त्यातले बरेच रासायनिक भाजण्याने. मार्त्साल नदीतलं जीवन संपलं. लोंढा डॅन्यूबपर्यंत पोचू नये म्हणून नदीत जिप्सम ओतत होते.

आमच्या प्राध्यापकांनी त्या आठवड्यातला ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि हाच घेतला. तुझ्यासारखी रसायनशास्त्राची मुलं लगेच बोलू लागली : सामू (पीएच) १३ च्या आसपास, म्हणजे कातडी जाळणारा दाहक अल्क, उदासीन करायला काय लागेल, किती लागेल. मग वर्गातल्या एका वकील मुलीने विचारलं, की या तलावाचा परवाना काय म्हणतो? परवान्याच्या लेखी तो चिखल धोकादायक कचरा नव्हताच! धोकादायक नाही म्हटल्यावर साठवणीच्या अटी सैल, तपासणीही त्याच मापाची. सामूचा आकडा प्रयोगशाळेला ठाऊक होता, कचऱ्याचा वर्ग परवाना देणाऱ्याला ठाऊक होता, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणं हे कुणाचंच काम नव्हतं. बाबांना ही गोष्ट जरूर सांग. ते म्हणतात त्या दोन ‘धड’ विषयांच्या मधल्या जागेत माणसं भाजली. त्या जागेत उभं राहून काम करणारं माणूस घडवायचं, एवढ्यासाठी हा अभ्यासक्रम आहे.

लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत तुझ्यापासून फार लांब नाही. दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी तू ऐकल्याच असशील. पाण्याचा नमुना तपासणं तुला आजही जमेल. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी वाचायच्या, जनसुनावणीत उभं राहून त्यांतल्या नेमक्या कुठल्या अटीवर बोट ठेवायचं हे ठरवायचं, हे शिकावं लागतं. मला ते तिथे शिकवलं गेलं, आणि आजही माझं पोट त्याच कामावर चालतं.

तरीही सगळ्यांनी हा अभ्यासक्रम करावा असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेतच रमणारीने एमएस्सी करावी. इथे दर सहा महिन्यांनी देश बदलतो, शिक्षक बदलतात, आणि कुठलाच एक विषय तळापर्यंत जाऊन शिकवला जात नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा प्रश्न नसतो ती मुलं दोन वर्षं छान हिंडतात आणि बऱ्याच गोष्टींची थोडीथोडी माहिती घेऊन परततात. प्रश्न असला तर प्रत्येक देश त्याला काहीतरी देतो. तुझ्याकडे प्रश्न आहे, म्हणून मी तुला जा म्हणते.

आणि तुझा प्रश्न घेऊन जायला व्हिएन्नाइतकं योग्य शहर नाही. हंगेरीतल्या २०१७ च्या कायद्यानंतर सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी तिथे हलली. व्हिएन्नाने १९७२ ते १९८८ या काळात डॅन्यूबला समांतर २१ किलोमीटरचा दुसरा प्रवाह खणला. निघालेल्या मातीचं मध्ये लांबच लांब बेट झालं. एरवी तिथे लोक पोहतात, सायकली फिरवतात. पूर आला की दरवाजे उघडून पाणी त्यात घेतात. पण २०२४ च्या सप्टेंबरात त्याच शहराला त्रास दिला तो व्हीन नावाच्या छोट्या नदीने. एरवी काँक्रीटच्या पात्रात घोटाभर पाणी असणारी ही नदी इतकी चढली, की तिच्या काठाने जाणाऱ्या मेट्रोचा काही भाग बंद ठेवावा लागला. वाशिष्ठीकडे डोळे लावून बसलेल्या गावात, गावातूनच वाहणाऱ्या छोट्या शिवनदीकडे किती लक्ष असतं, ते तुला माझ्याहून जास्त माहीत.

दुसरं, डॅन्यूबचं खोरं १९ देशांत पसरलंय. १९९४ च्या करारावर उभ्या असलेल्या तिच्या आयोगाचं सचिवालय व्हिएन्नातच आहे. वरच्या देशाने खालच्या देशाला काय कळवायचं, किती वेळात कळवायचं, याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. आता आपल्याकडे बघ. कोयनेचं पाणी मुळात कृष्णा खोऱ्यातलं. सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघराला उतरतं, मग कोळकेवाडी धरण, मग वाशिष्ठी. एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्या खोऱ्यातल्या गावात येतं, तेव्हा विसर्गाची माहिती कुणी कुणाला द्यायची? वरून पाऊस आणि खालून भरती असेल तर निर्णय कुणाचा? याच्यावर एक अख्खा प्रबंध होईल, आणि तो चिपळूणच्या मुलीने लिहावा असं मला फार वाटतं.

अर्जासोबतच्या पत्राबद्दल एकच आग्रह : ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ असं लिहू नकोस. ते हजारो जण लिहितात. तू लिही, की निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या माझ्या गावात कुठून जातात, आणि त्यांच्या आत आधीपासून राहणाऱ्यांनी काय करायचं याचं उत्तर मला शोधायचंय. त्याआधी नकाशा स्वतः पाहा. मागूनही मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज कर.

पैशाचं थोडक्यात. अशा संयुक्त मास्टर्ससाठी युरोपियन युनियनची इरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती असते : महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, आणि शिष्यवृत्तीधारकाला शिक्षणशुल्क भरावं लागत नाही. प्रवास, व्हिसा, राहणं, जेवण त्याच रकमेत. काटकसरीने भागतं. खातं उघडून पहिला हप्ता पोचेपर्यंत वेळ जातो, म्हणून दीड महिन्याची सोय घरून करून जा. अशा बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. त्या वर्षाच्या तुकडीला शिष्यवृत्त्या आहेत का आणि कुठलं सत्र कुठल्या विद्यापीठात, हे चालू माहितीपत्रकात आधी बघ. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर या अभ्यासक्रमासाठी दुकान किंवा घर गहाण टाकून कर्ज काढू नका, असं बाबांना माझ्यातर्फे सांग. वर्षभर एखाद्या नदीच्या कामात राहा आणि पुन्हा अर्ज कर.

प्रश्न : मी ३६ वर्षांचा, नाशिकला अंबडमध्ये पॅकेजिंगच्या कारखान्यात. प्लास्टिकच्या ईपीआरचं, म्हणजे टाकून दिलेल्या वस्तूची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या नियमांचं, सगळं काम माझ्याकडे असतं : नोंदणी, प्रमाणपत्रं, पोर्टल. या वयात असा मास्टर्स करावा का? – नाशिकहून एक अभियंता

उत्तर : इरास्मस मुंडुसला वयाची अट नाही. माझ्या तुकडीत तुमच्या वयाची माणसं होती आणि वर्गात सगळ्यांत जास्त त्यांचं ऐकलं जाई.

तुम्ही लुंडचा विचार करा. ज्या ईपीआरचे तक्ते तुम्ही भरता, ती कल्पनाच तिथली. १९९० मध्ये थॉमस लिंडक्विस्ट यांनी स्वीडनच्या पर्यावरण मंत्रालयासाठी ती मांडली, आणि पुढे लुंडच्या औद्योगिक पर्यावरण अर्थशास्त्राच्या संस्थेत तिच्यावर वर्षानुवर्षं काम झालं. मूळ विचार असा, की वस्तू टाकून दिल्यावरचा खर्च बनवणाऱ्यावर पडला तर तो वस्तूच वेगळी बनवेल. आपल्याकडे ती ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांतून आली, प्लास्टिकसाठी २०१६ च्या नियमांत आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत. प्रमाणपत्रांची खरेदी-विक्री सुरू झाल्यावर पॅकेजिंगचं डिझाइन खरोखर किती बदललं? याचं उत्तर द्यायला तुमच्याइतकं जवळ कोण बसलंय?

स्वीडनमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांवर १९८४ पासून आणि पेट बाटल्यांवर १९९४ पासून अनामत घेतात. दुकानातल्या यंत्रात बाटली घाला, पैसे परत. महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतही दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परत द्यायची तरतूद होती. ती पिशवी कुणी गोळा करायची, कुठे ठेवायची, दुकानदाराला त्याचे काय मिळणार, या पायऱ्यांवर योजना अडते. स्वीडनला जाऊन मी सर्वांत जास्त वेळ त्या यंत्रांमागची हिशेबपद्धत समजून घेण्यात घालवला आणि तो सार्थकी लागला.

मात्र शिष्यवृत्तीत कुटुंबाचा खर्च धरलेला नसतो. पत्नी आणि मुलं असतील तर त्यांच्याशी बसून दोन वर्षांचा हिशेब आधी मांडा. देश बदलत राहणं जमणार नसेल, तर लुंडच्या त्याच संस्थेचा पर्यावरण व्यवस्थापन आणि धोरणाचा स्वतंत्र मास्टर्सही आहे.

प्रश्न : मुलीची निवड झाली आहे. एक सत्र ग्रीसच्या लेस्व्हॉस बेटावर आहे. तिथे निर्वासितांच्या बातम्या ऐकल्या होत्या. सुरक्षित आहे का? ती शाकाहारी आहे. – लातूरहून एक वडील

उत्तर : आधी तिचं आणि तुमचं अभिनंदन! २०१५ मध्ये त्या बेटावर तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून पाच लाखांहून जास्त माणसं रबरी होड्यांतून उतरली, म्हणून ते नाव तुमच्या कानावर आलं. मिटिलिनी हे विद्यापीठाचं बंदरगाव आहे. मी रात्री उशिरा प्रयोगशाळेतून एकटी चालत घरी जात असे आणि मला कधी भीती वाटली नाही. बेटावर ऑलिव्हच्या बागा, तेलाच्या घाण्यांचं काळं सांडपाणी, कलोनीच्या मिठागरांतले फ्लेमिंगो, सगळं हाताच्या अंतरावर. अ‍ॅरिस्टॉटलने समुद्री जिवांची निरीक्षणं केली ती याच कलोनीच्या आखातात. शिकायला इतकी चांगली जागा मला पुन्हा मिळाली नाही.

जेवणाची काळजी नको. मसूर, हरभरे, वांगी, पालेभाज्या ग्रीक घरांत रोजच्या असतात, आणि उपवासाच्या दिवसांत तर तेही मांस खात नाहीत. जुन्या दगडी घरांत फेब्रुवारीत ओल आणि थंडी फार असते. लोकरीचे मोजे आणि जाड पांघरूण द्या. तीन लिटरचा कुकर द्या, शिट्टी आणि जादा रिंगसकट. रिंग तिकडे मिळत नाही.