पुन्हा उकलता येईल असं काम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, फोटोही नीट पाहिले. वाड्यातून निघालेलं बसकं सागवानी कपाट आणि लांब हातांची आरामखुर्ची, दोन्ही वस्तू चांगल्या आहेत. पहिल्याच खरेदीत त्या तुझ्या हाती लागल्या याचा मला मनापासून आनंद झाला. कपाट घासून त्याला पांढरा चॉक पेंट मारला तर ते लवकर विकलं जाईल का, असं तू विचारलं आहेस. जाईल. तरीही मारू नकोस. का ते सांगायचं म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आपण केलेलं काम पुढच्या माणसाला उकलता आलं पाहिजे, हा एक नियम मी या धंद्यात कायम पाळत आले. नीट सांभाळलं तर त्या कपाटाचं आयुष्य तुझ्यामाझ्याहून मोठं आहे. ते आणखी दोन-तीनदा दुरुस्तीला निघेल, कुणा दुसऱ्याच सुताराच्या हाती जाईल. ज्यानं ते मुळात बनवलं त्यानं आपल्यासाठी ती सोय ठेवली होती. आपण ती बुजवून टाकायची नाही.

आता आरामखुर्चीचंच घे. मागचा पाय हलतो म्हणून तू सांध्यात फेविकॉल ओतायला निघाला आहेस. थांब. अशा जुन्या खुर्च्यांचे सांधे बहुतेक सरसानं जोडलेले असतात, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसानं. हा सरस कोमट पाण्यानं मऊ पडतो, आणि स्पिरिट लागलं की त्यातला ओलावा निघून जाऊन ठिसूळ होतो. आधी सांध्यात आरपार बांबूची खिळी मारलेली आहे का ते पाहा. असेल तर ती मागच्या बाजूनं ठोकून अलगद बाहेर काढ. मग सिरिंजनं फटीत थोडं स्पिरिट सोड, दहा-पंधरा मिनिटं जाऊ दे, आणि रबरी हातोडीनं हलके ठोके देत राहा. घाई केली नाहीस तर कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, अख्खं बाहेर येतं, त्याची एक कडही मोडत नाही.

फेविकॉलनं जोडलेला सांधा असा सुटत नाही. पुढच्या वेळी तो सोडवायला गेलास की लाकूडच फाटतं. शिवाय जुन्या सरसाचा थर राहिला असेल तर त्यावर फेविकॉल धरतही नाही, कारण त्याला लाकडात मुरायला जागा हवी असते. सरसाचं तसं नाही. नवा गरम सरस जुन्या सरसाला विरघळवून त्यातच मिसळतो. सरसाचे दाणे रात्रभर पाण्यात भिजत घाल आणि सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून साठ अंशांच्या आसपास तापव. उकळू मात्र देऊ नकोस, त्याची ताकद जाते. नवीन प्लायचं काम करशील तेव्हा फेविकॉल खुशाल वापर, तिथे तो उत्तम आहे.

सांध्यात स्पिरिट सोडताना बाजूच्या पॉलिशवर ते ओघळू देऊ नकोस. हे का सांगते ते कपाटापाशी कळेल. कपाटाच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लाव आणि एखादा मिनिट थांब. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळा तांबूस झाला तर ते लाखेचं पॉलिश, म्हणजे आपण ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतो ते. स्पिरिटला दाद दिली नाही पण एनसी थिनरनं, म्हणजे लॅकर पातळ करायच्या द्रावकानं, विरघळलं तर लॅकर. दोघांनाही दाद नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही आजकालची कडक पॉलिशं, आणि मग समज की ते नंतर कुणीतरी चढवलेलं आहे. ही एवढी परीक्षा केल्याशिवाय कुठल्याही जुन्या वस्तूला पॉलिश पेपर लावायचा नाही.

फोटोवरून तुझं कपाट मला लाखेचंच वाटतं. ते काळं पडलं आहे असं तू लिहितोस, पण ते लाकूड काळं पडलेलं नाही. वर्षानुवर्षांचा धूर, तेलाचे हात आणि मेण यांचा तो थर आहे. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पूस, लगेच कोरडं कर. मग टर्पेंटाइननं पूस. टर्पेंटाइननं मेण आणि चिकटा निघतो, लाखेला धक्का लागत नाही. फडकं तपकिरी होत जाईल आणि खालून लाकडाचा मूळ रंग वर येईल. दरवाज्याच्या मुठीभोवतीचा भाग सर्वांत शेवटी घे, कारण तिथे हातांनी पॉलिश पातळ झालेलं असतं. तिथली ती झीज घालवायची नाही. हे कपाट घरात वापरलं गेलं आहे याची ती खूण आहे, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तिथेच बोट ठेवून बघतो.

एवढं झाल्यावर बहुतेक वेळा पूर्ण पॉलिश काढायची गरजच उरत नाही. लिटरभर स्पिरिटमध्ये 240 ग्रॅम चपडा, म्हणजे पातळ पापुद्र्यांची, लाख रात्रभर विरघळू दे, मलमलच्या फडक्यातून गाळून घे, आणि मलमलमध्ये कापूस गुंडाळून केलेल्या पोचानं पातळ हात मार. नव्या लाखेतलं स्पिरिट जुन्या लाखेला किंचित विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. मेलामाइनचा नवा हात जुन्यात असा मिसळत नाही. तू विचारलं होतंस की लोक पीयू मागत असताना मी अजून लाखेला का धरून आहे. हेच त्याचं कारण. चहाच्या गरम कपानं लाखेवर पांढरं वर्तुळ उमटतं हे खरं, आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. पण ते वर्तुळ स्पिरिटनं जेमतेम ओलसर केलेल्या पोचानं बऱ्याचदा जातं. पीयूवर ओरखडा पडला की पूर्ण फळी उतरवावी लागते.

पावसाळ्यात मात्र सांभाळ. हवा दमट असताना लाखेचा हात मारलास तर त्यावर पांढुरकी झाक येते. जुलै-ऑगस्टमध्ये सांधे, वेत, बिजागऱ्या ही कामं काढावीत आणि पॉलिश उघडीप बघून करावं. लाख लागेल तेवढीच भिजव. फार दिवस राहिलेलं द्रावण मारलं तर नीट वाळत नाही, बोटाला चिकटत राहतं.

घासण्याबद्दल एकच सांगते. कडेला नख लावून पाहा, वरचा पातळ थर आणि आतलं लाकूड वेगळं दिसतं का. दिसलं तर ते विनियर आहे, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा. जुन्या कामात ते मिलिमीटरभर किंवा थोडं जाड मिळतं, आजकालचं अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. मशीननं घासायला घेतलंस तर बघता बघता खालचं लाकूड उघडं पडतं, आणि मग त्यावर कुठलाच इलाज नाही.

आता रंग. सरसकट रंगाला माझा विरोध नाही. खोक्याच्या लाकडाचं स्टूल, प्लायचं टेबल, आंब्याच्या फळ्यांचं फडताळ यांना रंग शोभतो आणि त्यांची किंमतही वाढते. पण सागाचे उभ्या रेघांचे दरवाजे पांढऱ्या रंगाखाली गाडायचे, हे मला पटत नाही. उद्या कुणी तो रंग काढायला बसेल तेव्हा सागाच्या भोकाभोकांत बसलेला पांढरा कण त्याला सुईनं काढावा लागेल. गिऱ्हाइकानं हट्टच धरला तर आधी लाखेचे दोन हात मार आणि त्यावर रंग दे. पुढे कधी काढायचा झाला तर लाखेचा थर मध्ये असल्यामुळे तो लाकडात शिरलेला नसेल.

आणि आधीच रंगवलेली जुनी वस्तू आली तर ती कोरडी घासू नकोस. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नको हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ तुझ्या छातीत आणि घरातल्या लहान मुलांच्या पोटात जाता कामा नये. ओला पेपर वापर, चांगला मास्क लाव, भुकटी गोळा करून पिशवीत बांध. जवसाच्या तेलाची फडकी तर कधीच बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळव किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेव.

खरेदीबद्दल लिहायचं तर पैसे विकताना नाही, घेताना मिळतात. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जा, मुंबईला गेलास तर चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर आणि जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या गोदामांतही हिंड. पण वस्तूकडे समोरून बघू नकोस. उलटी कर, खण बाहेर काढ, पाठ बघ. सांधे हातानं कापलेले असतील तर त्यांची मापं थोडी कमी-जास्त असतात, सगळे एकसारखे दिसले तर मशीनचे. फुलीचे स्क्रू 1930 च्या दशकात आले. तेव्हा ‘आजोबांच्या आजोबांच्या’ टेबलात तसला स्क्रू दिसला तर निदान तेवढी दुरुस्ती नंतरची आहे. झीज कुठे आहे ते पाहा. खुर्चीच्या हातांच्या टोकांना, खालच्या आडव्या दांडीला, खणाच्या तळाच्या कडांना झीज हवी. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती कुणीतरी करवून आणलेली आहे. सागाचा गाभा भुंगा सहसा खात नाही, पण कडेचं पांढरं लाकूड खातो. भोकाखाली ताजी पिवळसर पूड साचलेली असेल तर ती वस्तू बाकीच्या मालाजवळ नेऊ नकोस, आधी औषध कर.

इराण्याच्या हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मिळाल्या तर बैठकीखालचं कडं नक्की बघ. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीनं 1859 मध्ये चौदा नंबरची खुर्ची काढली, वाफेवर वाकवलेल्या बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यावर उभी. सुटे भाग करून घनमीटरभर पेटीत छत्तीस खुर्च्या बसायच्या. 1869 मध्ये पेटंट संपलं आणि तशा खुर्च्या अनेकांनी काढल्या. त्यामुळे कड्यावर दाबून उठवलेलं नाव किंवा कागदाचा तुकडा राहिला असेल तर तो जिवापाड जप. या खुर्चीचे सांधे स्क्रूचेच असल्यामुळे तिला गोंदाचं बोटही लावायचं नाही, नुसते स्क्रू आवळायचे.

तुझ्या आरामखुर्चीचं वेत मला फाटलेलं दिसत नाही, सैल पडलेलं दिसतं. तसं असेल तर खालच्या बाजूनं गरम पाण्यात बुडवलेल्या स्पंजनं वेत चांगलं भिजव आणि सावलीत वाळू दे. वाळताना ते आकसून पुष्कळ ताठ होतं. वरून वॉर्निश मारू नकोस, वेत कडक होऊन तडकतं. विणायचीच वेळ आली तर चौकटीतली भोकं बघ. भोकं असतील तर हातानं विणलेली जाळी हवी, खाच असेल तरच तयार जाळी बसवायची. अंध व्यक्तींना खुर्च्या विणण्याचं शिक्षण आपल्याकडे फार पूर्वीपासून दिलं जातं. असा एखादा विणकर मिळाला तर त्याला मागेल ती मजुरी दे, त्याच्या बोटांना ताण जसा कळतो तसा डोळ्यांनी विणणाऱ्यालाही कळत नाही.

हिशेब थोडक्यात. समज, खुर्ची 3,000 ला घेतलीस, टेम्पोचे 800, वेत आणि पॉलिशचं सामान 1,200, कारागिराचे दोन दिवस 2,000. झाले 7,000. तुझे स्वतःचे दिवस आणि गोदामाचं भाडं यात अजून आलेलं नाही, ते मांडल्याशिवाय किंमत सांगू नकोस. जुन्या मालावर जीएसटी फक्त नफ्याच्या रकमेवर भरायची सोय नियमांत आहे. तुझ्या कामाला ती लागू होते का, ते सीएला विचारून घे. कपाट विकण्याआधी गिऱ्हाइकाच्या लिफ्टचं आणि दाराचं माप माग. आणि कुणी नातेवाईक परदेशी नेण्यासाठी शिसवी टेबल मागू लागला तर लगेच हो म्हणू नकोस. शिसवाची सगळी जातकुळी 2017 पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, कागदांशिवाय ते देशाबाहेर जात नाही. शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंना तर 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या बाहेर नेता येत नाहीत. म्हणूनही ‘अँटिक’ हा शब्द पाटीवर सहज लिहायचा नाही.

ज्यांच्याकडून घेतोस त्यांनाही खरं सांग. वाडा पाडायला निघाला की घरच्यांना सामान हलवायची घाई असते, आणि नव्या फ्लॅटमध्ये सहा फुटी कपाट मावत नाही. अशा वेळी आजी म्हणेल, घेऊन जा बाबा, जागा मोकळी कर. तिला सांग की हे शिसवी आहे, याला इतकी किंमत येते, त्यातून माझा खर्च वजा जाता मी तुम्हाला एवढे देऊ शकतो. तिला कळलं नसतं म्हणून कमी दिलेले पैसे मला कधीच आपले वाटले नसते. आणि अशी घरंच पुढे आणखी चार घरं दाखवतात.

विकताना प्रत्येक वस्तूच्या खणात किंवा बैठकीखाली एक चिठ्ठी चिकटव. लाकूड कोणतं, मूळचं काय आहे, तू काय बदललंस, सांधा कशानं जोडलास, पॉलिश कोणतं, वर्ष. मागची फळी नवी घातली असेल तर तेही लिही. काही गिऱ्हाइकं ते वाचून किंमत पाडतील, पाडू देत. ती चिठ्ठी गिऱ्हाइकाइतकीच त्या पुढच्या सुतारासाठी आहे. बोळ्याला स्पिरिट लावून परीक्षा करण्याआधी त्याला कळेल की आत सरस आहे आणि वर लाख.

या आठवड्यात फक्त दोन गोष्टी कर. कपाटाच्या मागे स्पिरिटचा बोळा लावून काय झालं ते कळव, आणि आरामखुर्ची उलटी करून सांध्यांचे, वेताच्या भोकांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठव. ते बघितल्याशिवाय सांधा सोडवायला घेऊ नकोस.

तुझी,
मावशी