रानडुकरांसाठी 315 बोर रायफलला बायपॉड घ्यावा की काठ्या?

तुम्ही लिहिलंय की उमरेडकडे काकांचं वावर आहे, पीक खाणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळाली आहे, 315 बोरची रायफल परवान्यावर आहे आणि आता नेम धरताना रायफल टेकवायला बायपॉड (रायफलला बसवायचा दोन पायांचा टेकू) की जमिनीवर उभ्या करायच्या काठ्या एवढंच ठरायचं आहे. माझं विचाराल तर दोन्हींच्या आधी वाळूची पिशवी.

आमचं वावर भिवापूरच्या बाजूला आहे. मीही पहिल्यांदा बायपॉडच आणला होता. आमच्या ईशापूर कारखान्याच्या रायफलला तो बसवायला पुढच्या लाकडाखाली स्टड, म्हणजे अडकवायची खुंटी, नव्हती, म्हणून नळीला चिमट्यासारखा धरणारा घेतला. सरावात कागदावर पाहिलं तर गोळ्यांचा टप्पा चार बोटं सरकलेला. नळीला काहीही टेकलं की असंच होतं, कारण गोळी सुटताना नळी थरथरते आणि टेकू त्या थरथरीला आडवा येतो. टेकू नेहमी पुढच्या लाकडाखाली हवा. आणि बायपॉड मुळात पोटावर झोपून नेम धरणाऱ्यासाठी असतो. सहा ते नऊ इंचांचा बायपॉड लावून कमरेएवढ्या तुरीत झोपलो, तर समोर नुसती खोडं. पऱ्हाटीतही तेच. त्या रात्री मी एकही गोळी झाडली नाही.

जागलीला मचाण असेल तर तिथेच बसा. कठड्यावर जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून शिवलेली पिशवी ठेवा, पाऊण भरलेली, म्हणजे रायफल तिच्यात रुतून बसते. दुसरी लहान पिशवी, तांदूळ भरलेला मोजा चालेल, दस्त्याखाली. बहुतेक लोक फक्त पुढचं टोक टेकवतात आणि मग नेम का हलतो म्हणून हैराण होतात. हलतो तो मागून, खांद्याकडून. मचाणाचा याहून मोठा फायदा म्हणजे गोळी वरून खाली जाते आणि चुकली तर मातीत शिरते. सपाट वावरात उभं राहून झाडलेली गोळी धुऱ्यापलीकडे जाते, आणि तिकडेही कुणीतरी कास्तकार जागलीला बसलेला असतो. ही गोष्ट मला टेकूपेक्षा महत्त्वाची वाटते.

मचाण नसेल तर काठ्या. दोन पायांच्या नको, त्या पुढे-मागे झुलतात. तीन बांबू घ्या, वरून वीतभर खाली सायकलच्या ट्यूबने आवळून बांधा, वरच्या खाचेतही ट्यूब गुंडाळा म्हणजे लाकूड घसरत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत टोकं रुततात, त्यांना रबरी बूच लावा. उभ्याने वापरायच्या असतील तर बांबू साधारण तुमच्या उंचीएवढा, स्टुलावर बसून वापरायच्या असतील तर साडेतीन फूट पुरे. मी बसूनच वापरतो. दोन्ही कोपर गुडघ्यांच्या आतल्या बाजूला टेकतात आणि उभ्यापेक्षा नेम कितीतरी शांत राहतो.

एक मात्र करा. ज्या टेकूवर रात्री बसणार, त्याच टेकूवर दिवसा कागदावर सराव करा, टॉर्चच्या उजेडात जेवढं नीट दिसतं तेवढ्याच अंतरावर. आमच्याकडे ते पन्नास-साठ मीटर आहे. त्यापलीकडचं जनावर मी सोडून देतो. जखमी डुक्कर तुरीत शिरलं, तर सकाळी निंदायला येणाऱ्या बायांच्या अंगावर धावून जातं.