टेक्सासमधल्या लॅटिनो मुलांच्या शाळा आणि पैशाचं गणित : तुमचे प्रश्न

प्रश्न (पुणे) : अमेरिकेत सरकारी शाळा फुकट असते ना, मग लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) वस्त्यांमधल्या शाळांची ओरड कसली?

फी नसते हो, पण शाळेचा बराच खर्च त्या भागातल्या प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो, म्हणजे घरं स्वस्त की शाळेची तिजोरी रिकामी. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं एजवूड घ्या, मेक्सिकन-अमेरिकन कष्टकऱ्यांचा भाग, आणि त्याच शहरात श्रीमंत अलामो हाइट्स. 1967-68 मध्ये एजवूडचे लोक 100 डॉलरच्या मालमत्तेवर 1.05 डॉलर टॅक्स भरायचे, अलामो हाइट्सवाले 85 सेंट, आणि तरी स्थानिक टॅक्समधून एजवूडच्या वाट्याला एका मुलामागे 26 डॉलर, तिकडे 333! जास्त भरायचं आणि कमी मिळवायचं, हा सरळ अन्याय आहे. 1968 ला तिथल्या मुलांनी वर्ग सोडून मोर्चा काढला, डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालक कोर्टात गेले, पण 1973 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात 5 विरुद्ध 4 असे हरले. शेवटी 1989 ला टेक्सासच्याच सुप्रीम कोर्टानं एकमतानं ही पद्धत घटनाबाह्य ठरवली.

प्रश्न (प्लेनो) : आमचा टॅक्स 'रॉबिन हूड'मध्ये जातो, तो गरीब मुलांपर्यंत पोचतो का?

1993 पासूनची ही पद्धत, श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडून) जास्तीचा पैसा घेऊन वाटायचा. तत्त्व मला पटतं. गोची अशी की घरांच्या किमती वाढल्या की स्थानिक पैसा वाढतो आणि राज्याला आपला हात आखडता घेता येतो. राज्यानं ठरवलेली मुलामागची मूळ रक्कम 2019 पासून 6,160 डॉलरवर अडकली होती, महागाई कुठे गेली बघा, आणि 2025 ला वाढ झाली फक्त 55 डॉलरची (शिक्षकांच्या पगारवाढीला वेगळे पैसे दिले, ते मान्य). त्याच वर्षी प्रायव्हेट शाळांच्या फीसाठी 1 अब्ज डॉलर मात्र मंजूर झाले. राज्यातल्या सरकारी शाळांमधली निम्म्याहून जास्त मुलं लॅटिनो आहेत, म्हणजे काटकसरीचा सगळ्यात मोठा भार कुणावर पडतो ते उघड आहे.

प्रश्न (ह्यूस्टन) : कागदपत्रं नसलेल्या मुलांना शाळा नाकारू शकते का?

नाही. टेक्सासनं 1975 ला तसा कायदा केला होता, तो 1982 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं रद्द केला. पण टेक्सासमध्ये पैसा पटावर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो, त्यामुळे इमिग्रेशनच्या धाडीच्या भीतीनं आईबापांनी मुलांना घरी ठेवलं की त्या मुलांचा अभ्यास तर बुडतोच, वर शाळेचंही अनुदान कमी होतं, मग बाकीच्या मुलांनाही झळ बसते.

प्रश्न (सॅन होजे) : आमच्याकडे वेगळं आहे का?

बरंच. कॅलिफोर्नियात 2013 पासून गरीब, इंग्रजी शिकणाऱ्या आणि फॉस्टर केअरमधल्या (सरकारनं दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेल्या) प्रत्येक मुलामागे डिस्ट्रिक्टला 20 टक्के जादा मिळतात, आणि अशी मुलं 55 टक्क्यांच्या वर असतील तर आणखी. फक्त ते पैसे त्याच मुलांवर खर्च होतात का, याचा हिशोब नीट ठेवला जात नाही. तुमच्या डिस्ट्रिक्टचा 'एलकॅप' (हे पैसे कुठे, कशासाठी खर्च करणार याचा) आराखडा दरवर्षी जाहीर होतो, मंजुरीआधी त्यावर सुनावणी असते, तिथे जाऊन नक्की विचारा.