आधी नाडी, मग मृदंग

तू विचारलंस, चाल सुचत नाही तर सुरुवात कुठून करू. अरे, वाद्य बाजूला ठेव आणि मनगटावर बोट ठेव. शांत बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण 60 ते 100 पडते. तीच तुझी पहिली लय.

आता छातीला कान लावून ऐक, घरातलं कुणीही चालेल. 'लब-डब' आणि मग थोडी उसंत. ही उसंत दोन ठोक्यांमधल्या अंतरापेक्षा मोठी असते, म्हणून ते दोनाचं नाही, जवळजवळ तिनाचं चक्र होतं. अशी दोन चक्रं जोडलीस की 6 मात्रांचा, म्हणजे 6 मोजांचा, दादरा ताल हाती येतो: धा धी ना, धा ती ना. मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

मग स्वयंपाकघरात जा. आई विळीवर नारळ खवते तेव्हा जवळ बस. आमच्याकडे तीन लांब ओढी, करवंटी फिरवायला जरा थांबा, मग दोन-दोन आखूड ओढी असं चालायचं. 3-2-2 म्हणजे रूपक तालाच्या 7 मात्रा! तो थांबा मात्र गाळू नकोस. नवशिके तोच बुजवून टाकतात, आणि सगळा जीव त्यातच असतो.

मोबाईलवर रेकॉर्ड कर, पण आधी तालाचे बोल, म्हणजे 'धा धी ना' ही अक्षरं, तोंडाने म्हण. तोंडात बसलं नाही ते हातात बसत नाही.

लाटांच्या मागे एवढ्यात लागू नकोस. त्यांचं अंतर सारखं नसतं, ताल धरायला गेलास की निसटतात. त्यांच्यावर आलाप कर. भरती लागली की बंदरावर ये, मी मृदंग घेऊन येतो.