सबुरी म्हणजे तोंड दाबणं नव्हे

प्रश्न : मुलगा परीक्षेत नापास झाला. मी ‘बेटा, सब्र कर’ म्हटलं की अंगावर धावून येतो. माझं काय चुकतंय?

शब्द चुकीचा नाही, वेळ चुकतेय. तुमचं ‘सब्र कर’ त्याला ‘आता हा विषय पुरे’ असं ऐकू येत असणार. अरबीत सब्र म्हणजे स्वतःला आवरून धरणं, तग धरणं. आपली ‘सबुरी’ही त्याच घरची. कुरआनच्या १२व्या सूरेत (अध्यायात), ‘यूसुफ’मध्ये, मुलगा यूसुफ हरवल्यावर त्याचे वडील हजरत याकूब ‘सब्रुन जमील’ म्हणतात, म्हणजे सुंदर सबुरी. तरीही दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडतात, दिसेनासं होतं. घरच्यांनी टोकल्यावर ते म्हणतात, माझं दुःख मी अल्लाहपाशीच मांडतोय (आयत, म्हणजे वचन, ८६). आणि पुढच्याच आयतीत मुलांना कामाला लावतात : जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, निराश होऊ नका.

तुमच्या मुलाला आपण थेट ‘शोध घ्या’वर नेतो. आधी त्याला चिडू द्या, हवं तर रडू द्या. दोन दिवसांनी उत्तरपत्रिका मधे ठेवून दोघं बसा आणि कुठे घसरलं ते बघा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. एका विद्यार्थ्याचे वडील वारले. नातेवाईक त्याला सांगतात, रडू नकोस, रडणं म्हणजे ईमान (श्रद्धा) कच्चं. वर्गात मी कसं वागू?

पैगंबर हजरत मुहंमद यांचा लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘आपणही?’ असं एका साथीदाराने विचारलं. ते म्हणाले, ही दया आहे. डोळे पाझरतात, मन दुखतं, पण आम्ही बोलतो ते रबला (ईश्वराला) पसंत पडेल तेवढंच. सहीह बुखारी या संग्रहातली ही हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) त्या नातेवाइकांनाही ठाऊक असेल, प्रसंग आला की आठवत नाही एवढंच. मनाई आहे ती ऊर बडवून, कपडे फाडून आकांत करण्याला. आसवांना नाही.

तेव्हा त्याला ‘किती शूर आहेस’ म्हणू नका. असं म्हटलं की पोराला शूरच राहावं लागतं. वडिलांबद्दल तो बोलला तर ऐका आणि गृहपाठाला थोडी सवलत द्या. पण तास बुडू देऊ नका. नेहमीचं वेळापत्रक हाही आधारच असतो.

आणखी एक. ‘घरच मोडकं, मूल काय शिकणार’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत फार वेळा ऐकलंय आणि दर वेळी खटकलंय. पैगंबरांचे वडील त्यांच्या जन्माआधीच गेले, आई ते ६ वर्षांचे असताना, सांभाळणारे आजोबा त्यानंतर दोनेक वर्षांत. मग चुलते अबू तालिब यांनी वाढवलं. ९३व्या सूरेत याचीच आठवण देऊन बजावलंय : यतीमाला (अनाथाला) दडपू नकोस. इथे कुटुंब म्हणजे फक्त आई-बाप नव्हेत, मुलाला पंखाखाली घेणारं जे कुणी असेल ते.

प्रश्न : धाक नसेल तर मुलं कणखर कशी होणार? आमचे अब्बा छडीनेच शिकवायचे.

इतिहासकार इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलंय. धाकात वाढलेलं मूल खोटं बोलायला शिकतं, त्याची उमेद जाते, असं ते म्हणतात. म्हणजे कणखरपणाच्या नेमकं उलट! हजरत अनस यांनी पैगंबरांची दहा वर्षं सेवा केली. पैगंबरांनी आपल्याला एकदाही ‘हुं’ म्हणून झिडकारलं नाही, असं ते सांगत. कुरआनातले ज्ञानी लुकमानही मुलाला आलेल्या संकटात सब्र कर म्हणतात, पण प्रत्येक उपदेशाची सुरुवात ‘या बुनय्या’, माझ्या बाळा, अशी. आवाज खाली ठेव, हेही त्याच उपदेशात आहे (सूरा ३१, आयत १९). तो भाग आपण बाप मंडळी पटकन विसरतो.

प्रश्न : आम्हा नवरा-बायकोत मुलीच्या शाळेवरून वाद आहे. तिच्या बाईंना मध्यस्थ करावं का?

नको. नवरा-बायकोच्या वादात कुरआन (४:३५) एक पंच नवऱ्याच्या घरचा, एक बायकोच्या घरचा असं सांगतं. बाई दोन्हींत बसत नाहीत, आणि मुलीला वर्गात रोज त्यांच्यासमोरच बसायचंय. तान्ह्या बाळाचं दूध तोडायचं तरी आई-बापांनी एकमेकांच्या संमतीने, सल्लामसलत करून ठरवावं, असं २:२३३ मध्ये आहे. शाळा तर त्याहून मोठी गोष्ट. आधी दोघं बसा. मुलगी कळत्या वयाची असेल तर तिलाही विचारा. प्राचीन काळचे पैगंबर हजरत इब्राहीम यांनीसुद्धा कुर्बानीच्या प्रसंगी मुलाला ‘तुला काय वाटतं, बघ’ असं विचारलं होतं, आणि तिथे तर त्याच्या जिवाचा प्रश्न होता.